लॅपटॉपच्या आधी माइक

पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नक्की झाला की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: लॅपटॉप कोणता घेऊ? लगोलग दुसरा: मोबाईलचा कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हवा? मी आधी रेडिओसाठी, मग व्हिडिओसाठी वार्तांकन केलं आणि आता विद्यार्थ्यांची प्रात्यक्षिकं घेते. दोन्ही प्रश्नांवर माझं उत्तर एकच असतं. आधी माइक घ्या, उरलेल्या पैशांत लॅपटॉप बसवा.

यामागचा हिशेब साधा आहे. बातमीच्या कामात काही गोष्टी पुन्हा करता येतात, काही येत नाहीत. मंद मशिनवर एडिटिंग केलं तर वेळ जास्त जाईल, पण काम होईल. मजकूर पुन्हा लिहिता येतो, ग्राफिक पुन्हा बनवता येतं. मात्र ज्या बाईने रडू आवरत एकदाच आपलं म्हणणं सांगितलं, त्या सांगण्यावर शेजारच्या जनरेटरची घरघर चढलेली असेल, तर ती मुलाखत गेलीच. 'मघाशी सांगितलंत तसंच परत सांगा' असं तिला म्हणणं शक्यही नसतं आणि बरोबरही नाही. म्हणून पैसे खर्च करताना मी हाच क्रम धरायला सांगते: जे परत मिळणार नाही ते टिपणारी वस्तू आधी, टिपलेलं सांभाळणारी त्यानंतर, आणि त्यावर बसून काम करायची वस्तू सगळ्यात शेवटी. बहुतेकांची खरेदी याच्या बरोबर उलट होते. सगळे पैसे लॅपटॉपमध्ये जातात आणि माइक 'नंतर बघू' म्हणून राहून जातो.

वर्गात मी एक प्रयोग करून घेते. पंखा चालू असलेल्या खोलीत एकाने एकच परिच्छेद दोनदा वाचायचा. पहिल्यांदा समोरच्याने हात लांब करून मोबाईल धरायचा, दुसऱ्यांदा कॉलरच्या खाली, हनुवटीपासून वीतभर अंतरावर साधा वायरचा क्लिप माइक लावायचा. मग दोन्ही रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकायची. पहिल्यात खोली ऐकू येते, दुसऱ्यात माणूस. मोबाईलमधला माइक वाईट नसतो, तो लांब असतो, एवढंच. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी साधारण ६ डेसिबलने उतरते. हातभर लांबचा मोबाईल ६०-७० सेंटिमीटरवर असतो, कॉलरचा माइक २० सेंटिमीटरवर. म्हणजे जवळजवळ १० डेसिबलचा फरक आणि पंख्याचा आवाज मात्र दोन्हीकडे तेवढाच. कितीही महागडं सॉफ्टवेअर घेतलं तरी हे अंतर नंतर भरून काढताना आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो.

तेव्हा पहिली खरेदी: वायरचा क्लिप माइक. घेताना त्याच्या पिनवरचे काळे पट्टे मोजा. तीन पट्टे असतील तर तो मोबाईलच्या ३.५ मिलिमीटर जॅकसाठी, दोन असतील तर कॅमेरा किंवा रेकॉर्डरसाठी. दोन पट्ट्यांचा माइक तसाच मोबाईलला लावला तर बहुतेक वेळा मोबाईल तक्रार करत नाही, मुकाट्याने स्वतःच्याच माइकवर रेकॉर्ड करत राहतो. पडद्यावर आकडे पळताना दिसतात, म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. मुलाखतीआधी दहा सेकंद रेकॉर्ड करायचं, मधेच माइकवर बोटाने हलकं टकटक करायचं आणि परत ऐकायचं. टकटक मोठी, स्पष्ट ऐकू आली तरच पुढे जायचं. आयफोनमधला हेडफोनचा जॅक २०१६ साली आयफोन ७ पासूनच गेला आणि नंतर बऱ्याच अँड्रॉइड फोनमधूनही गेला. तुमच्या मोबाईलला जॅक नसेल तर थेट चार्जिंगच्या खाचेत बसणारा माइक घेणं बरं: यूएसबी-सीचा, किंवा जुन्या आयफोनसाठी लायटनिंगचा. अडॅप्टर घ्यायचाच असेल तर तो त्याच मोबाईलवर, माइक लावून, तपासून घ्या. काही स्वस्त अडॅप्टरमध्ये आवाजाचं रूपांतर करणारी चिप नसते आणि ते सगळ्या फोनवर चालत नाहीत.

वायरलेस माइकचा मोह सगळ्यांना होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. चालत्या माणसाशी बोलायचं असेल तर त्याला पर्याय नाही. पण हे छोटे संच बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच असतात. हजारो मोबाईल खिशात घेऊन लोक जमले की सिग्नल तुटायला लागतो, आणि नेमकी तिथेच बातमी असते. म्हणून वायरलेस घेणार असाल तर कॉलरला लावायच्या तुकड्यातच रेकॉर्डिंग साठवणारा संच घ्या. सिग्नल तुटला तरी मूळ आवाज त्या तुकड्यात शाबूत राहतो. काही संचांत आता ३२-बिट फ्लोटची सोय असते. माणूस एकदम ओरडला, टाळ्या कडाडल्या, तरी आवाज फाटत नाही, नंतर खाली आणता येतो. गर्दीत एकट्याने काम करणाऱ्या, लेव्हलकडे बघायला वेळ नसणाऱ्या विद्यार्थ्याला ही सोय खरोखर उपयोगी आहे. पण ती त्या तुकड्यातल्या रेकॉर्डिंगपुरती असते. फोनपर्यंत पोचलेल्या आवाजाला तिचा फायदा मिळेलच असं नाही. वायरलेस आला तरी वायरचा माइक पिशवीतून काढू नका.

माइकबरोबर दोन लहान गोष्टी. वाऱ्यासाठी माइकवर चढवायची केसाळ टोपी, आणि कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन. ब्लूटूथ हेडफोनवर आवाज उशिरा पोचतो, त्यामुळे ओठ आणि शब्द जुळतात का हे त्यावर ठरवता येत नाही.

आता मोबाईल. मेगापिक्सेलचा प्रश्न मी खरंच बाजूला ठेवते. जिनिव्हातल्या लेमाँ ब्ल्यू या स्थानिक दूरचित्रवाहिनीने २०१५ साली आपल्या वार्ताहरांच्या हातात आयफोन ६ दिले आणि त्यावर बातम्या चित्रित करायला सुरुवात केली. त्या फोनचा कॅमेरा ८ मेगापिक्सेलचा होता. आज मध्यम दर्जाचा कुठलाही फोन त्याच्या पुढे आहे. कॅमेऱ्यापेक्षा तपासायच्या गोष्टी वेगळ्या आहेत.

पहिली, जागा. आयफोनच्या नेहमीच्या हाय एफिशियन्सी सेटिंगवर फुल एचडी, सेकंदाला ३० फ्रेम असं चित्रण केलं तर मिनिटाला साधारण ६० एमबी लागतात. फोर-केला जवळजवळ तिप्पट, १७० एमबीच्या आसपास. तासाचा हिशेब केला तर साडेतीन जीबी आणि दहा जीबी. फोनमध्ये आधीच घरचे फोटो, गाणी, व्हॉट्सॲपचा ढीग असतो. १२८ जीबीचा फोन भर कार्यक्रमात 'जागा नाही' म्हणून थांबतो तो त्यामुळे. २५६ जीबी परवडत असेल तर घ्या. नसेल तर फुल एचडीवर चित्रण करा, बातमीला ते पुरेसं आहे. मेमरी कार्डाची खाच असलेला फोन मिळाला तर उत्तमच.

दुसरी गोष्ट, सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार. पत्रकाराच्या फोनमध्ये फक्त त्याचं आयुष्य नसतं. त्यात त्याच्यावर विश्वास ठेवून बोललेल्या माणसांचे नंबर असतात, त्यांचे निरोप असतात. २०२१ साली पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा पाळतीसाठी निवडलेल्या नंबरांच्या यादीत कितीतरी देशांतल्या पत्रकारांचे नंबर सापडले. इतक्या महागड्या हेरगिरीपुढे नुसतं अपडेट पुरणार नाही, हे खरं. पण ज्या फोनला अपडेट येणंच बंद झालं आहे, त्यात शिरायला एवढ्या तयारीची गरजही पडत नाही. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं आहे. बऱ्याच स्वस्त फोनना यापेक्षा कमी वर्षं मिळतात. वापरलेला फोन घेत असाल तर ही वर्षं तो मॉडेल बाजारात आला तेव्हापासून मोजा, तुम्ही विकत घेतला तेव्हापासून नाही.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण एडिटिंगला बसल्यावर फार छळते. मोबाईल प्रकाश आणि प्रोसेसरवरच्या ताणाप्रमाणे फ्रेमची गती कमी-जास्त करत राहतो. म्हणजे तुम्ही ३० निवडलं तरी तो मधेच २९, मधेच २७ असा चालतो. फोनवर बघताना काही कळत नाही. लॅपटॉपवर एडिटिंगला घेतलं, त्यातही आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला असला, की पाच मिनिटांच्या मुलाखतीत सुरुवातीला जुळलेले ओठ शेवटी सुटलेले दिसतात. यावर दोन उपाय आहेत. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे ॲप आयफोन आणि अँड्रॉइड दोन्हींसाठी मोफत आहे. सगळ्या अँड्रॉइड फोनवर ते चालत नाही, म्हणून आधी बघून घ्या. त्यात फ्रेमची गती, शटर, फोकस, आवाजाची पातळी हे सगळं आपल्या हातात राहतं. किंवा एडिटिंगच्या आधी हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममधून फाईल स्थिर गतीची करून घ्यायची. शटर हातात असण्याचा आणखी एक फायदा: ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत असेल तर ५० हर्ट्झच्या विजेवर शटर १/५० किंवा १/१००, आणि ६० हर्ट्झच्या विजेवर १/६० किंवा १/१२० ठेवलं की बहुधा थांबतं.

गिम्बल, म्हणजे हात हलला तरी फोन स्थिर ठेवणारी मोटरची दांडी, घेऊ नका, निदान पहिल्या वर्षी तरी. छोटा ट्रायपॉड आणि मोबाईल घट्ट पकडणारा क्लॅम्प घ्या. आणि रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी फोन फ्लाइट मोडवर टाका. फोन वाजला की चित्रण थांबू शकतं, आणि ते थांबलं आहे हे समोरच्याचं बोलणं संपल्यावर कळतं.

आता लॅपटॉप. इथेही तोच हिशेब वेगळ्या रूपात लागू होतो: जे नंतर वाढवता येत नाही त्यावर आज पैसे घाला. बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डलाच जोडलेली असते. ॲपलच्या मॅकबुकमध्ये तर ती नंतर वाढवताच येत नाही. म्हणून १६ जीबी रॅम हा माझा एकमेव हट्ट. ८ जीबीवर लिखाण होतं, आवाजाचं एडिटिंगही होतं, पण व्हिडिओ, वीसेक टॅब उघडलेला ब्राउझर आणि ट्रान्स्क्रिप्शन (बोलण्याचा लेखी मजकूर करणं) एकत्र चालवलं की मशिन गुडघे टेकतं. एसएसडी, म्हणजे फाईली साठवायची डिस्क, ५१२ जीबीची बरी, पण ती कमी असली तर बाहेरून जोडता येते. प्रोसेसर कोअर आय५ किंवा रायझन ५ च्या दर्जाचा आणि अलीकडच्या पिढीतला असला की पुरे. फोर-केचं चित्रण अडखळत असेल तर एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी म्हणजे हलक्या प्रती बनवून त्यांच्यावर काम करा. शेवटी फाईल बाहेर काढताना सॉफ्टवेअर मूळ चित्रण वापरतं. व्हिडिओसाठी दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आणि आवाजासाठी ऑडॅसिटी एवढ्यावर माझे विद्यार्थी पूर्ण बातमीपत्र तयार करतात.

गेमिंग लॅपटॉप एडिटिंगला वेगवान असतो म्हणून खूपजण तो घेतात. वेगवान असतो, यात शंका नाही. पण त्याचं वजन दोन-अडीच किलोपर्यंत जातं, चार्जर वेगळा जड असतो, आणि वीज नसलेल्या जागी बॅटरी लवकर मान टाकते. ज्याला दिवसभर पायी फिरून संध्याकाळी पायरीवर बसून बातमी पाठवायची आहे, त्याच्या खांद्याचा विचार करा. चौदा इंची, दीड किलोच्या आतला, यूएसबी-सीवर चार्ज होणारा लॅपटॉप बघा. तसं असलं की ६५ वॅटचा एकच चार्जर लॅपटॉप आणि फोन दोघांना चालतो, आणि तेवढी ताकद देणारी पॉवर बँक असली तर लॅपटॉपही तिच्यावर निभावतो. पॉवर बँक २०,००० एमएएचची घ्या. ती सुमारे ७४ वॅट-अवर भरते, आणि विमानात परवानगीशिवाय १०० वॅट-अवरपर्यंतच नेता येते. नेतानाही हातातल्या सामानात, चेक-इनच्या बॅगेत नाही.

ज्यांना नवा लॅपटॉप परवडत नाही त्यांना मी वापरलेले ऑफिसचे लॅपटॉप सुचवते: थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक या मालिकांमधले. कीबोर्ड दणकट असतो, सुटे भाग मिळतात, कित्येक मॉडेलांत रॅमही वाढवता येते. मात्र विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे विंडोज ११ चालेल असंच मशिन हवं. इंटेलचा प्रोसेसर असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीपासून पुढचा. विकणारा 'बॅटरी मस्त आहे' म्हणेल. तिथेच कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'पॉवरसीएफजी', मग जागा सोडून तिरकी रेघ आणि तिला लागून 'बॅटरीरिपोर्ट' असं इंग्रजीत टाइप करा. जी फाईल तयार होते तीत बॅटरीची मूळ क्षमता आणि आज ती पूर्ण भरल्यावरची क्षमता, हे दोन आकडे शेजारीशेजारी दिसतात. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरा. मॅकबुक एअर वापरलेला मिळत असेल तर एम१ पासूनच्या मॉडेलांत पंखाच नाही, त्यामुळे शेजारी ठेवून निवेदन रेकॉर्ड करता येतं, हा मोठा गुण. पण जुन्यांपैकी पुष्कळ ८ जीबीचे आहेत, ते बघून घ्या.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक चाचणी मी कधीच सोडत नाही. एडिटिंग सॉफ्टवेअर निवडताना त्यात शीर्षकाची पट्टी उघडून 'राष्ट्राध्यक्षांच्या दौऱ्यातील विद्यार्थिनी' असं काहीतरी टाइप करा. जोडाक्षरं फुटतात का, ऱ्या नीट उमटतो का, वेलांटी योग्य अक्षरावर बसते का, ते बघा. प्रीमियर प्रोमध्ये अक्षरं फुटत असतील तर ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडावा लागतो. लोकांसमोर जाणाऱ्या पट्टीवर आपली भाषा मोडलेली दिसू नये, याची काळजी आपणच घ्यायची.

ट्रान्स्क्रिप्शनबद्दलही थोडं सांगायला हवं. ओपनएआयने २०२२ मध्ये खुलं केलेलं व्हिस्पर हे मॉडेल आपल्याच लॅपटॉपवर, इंटरनेटशिवाय चालवता येतं, आणि मराठीही ओळखतं. नाव उघड करू नका म्हणून सांगणाऱ्या माणसाचा आवाज दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर चढवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. नावं, आकडे आणि 'नाही' हा शब्द मात्र मूळ आवाज ऐकून स्वतः तपासा. एक 'नाही' गळला की माणसाचं म्हणणं उलटं होतं.

आणि आता सांभाळायचं साधन, ज्यावर सगळ्यात कमी खर्च होतो. एक बाहेरची एसएसडी आणि क्लाउडवरची थोडी जागा, एवढं हवंच. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी, हा छायाचित्रकारांनी रूढ केलेला नियम आपल्यालाही तंतोतंत लागू पडतो. मूळ चित्रण दोन ठिकाणी उतरून, उघडून पाहिल्याशिवाय फोनमधून पुसू नका. बाहेरची डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करा, म्हणजे विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालते. जुन्या फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसतच नाही. डिस्कवर पासवर्डचं कुलूप घाला. लॅपटॉपच्या आतल्या डिस्कसाठी मॅकवर फाईलव्हॉल्ट, विंडोजवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन सुरू आहे ना, हे पहिल्याच दिवशी बघा. बॅग हरवली तर लॅपटॉप जातो, तो परत घेता येईल. त्यातली माणसं उघड्यावर पडता कामा नयेत.

चित्रण व्हॉट्सॲपवर पाठवायची वेळ आली तर ते गॅलरीतून न टाकता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून छोटं होतं.

लॅपटॉप घेणं सध्या शक्यच नसेल तर मन छोटं करू नका. मोबाईल, ब्लूटूथ कीबोर्ड, वायरचा माइक आणि ट्रायपॉड यांवर पहिलं सहामाही सत्र आरामात निघतं. व्हिडिओचं मोठं एडिटिंग संस्थेच्या लॅबमध्ये करा. आणि विभाग चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे, अनुदानातून एक भारी कॅमेरा घेऊन कपाटात ठेवण्याऐवजी त्याच पैशांत डझनभर माइक, ट्रायपॉड आणि हेडफोन घ्या आणि मुलांना घरी नेऊ द्या. रात्री, सुटीच्या दिवशी, हातात साधन असेल तेव्हाच ती शिकतात.

खरेदी झाली की परत करण्याची मुदत संपायच्या आत एक रंगीत तालीम करा. बाहेर, रहदारीच्या बाजूला, मित्राची दहा मिनिटांची मुलाखत घ्या, नव्या माइकवर, फ्लाइट मोडमध्ये. घरी येऊन ती केबलने लॅपटॉपवर उतरवा, दोन प्रती करा, दीड मिनिटाची बातमी कापा, मराठी पट्टी लावा, मोबाईलच्या डेटावरून कुणाला तरी पाठवा आणि त्याच्याकडे ती कशी दिसते, कशी ऐकू येते ते विचारा. केबल नुसती चार्जिंगची निघाली, अडॅप्टर ढिला आहे, फोन डिस्कला ओळखत नाही, पॉवर बँकेवर लॅपटॉप चार्जच होत नाही, असलं जे काही निघायचं ते या एका दिवसात निघतं. जे निघेल ते दुसऱ्या दिवशी दुकानात परत करा किंवा बदलून घ्या.